ढगाळ दिवसांत सौर वीज परवडते का? खान्देशातील घरासाठी हिशोबापासून नेट मीटरपर्यंतची पद्धत

गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विचार करणारी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील कुटुंबे दोन प्रश्न हमखास विचारतात. आषाढ-श्रावणात आभाळ आठवडाभर दाटलेले असते, मग वीज तयार होणार कशी, हा पहिला प्रश्न. आपल्याकडे ऊन रग्गड आहे, तर जेवढा मोठा प्लांट तेवढा फायदा जास्त असणार ना, हा दुसरा. दोन्ही प्रश्न उन्हाभोवती फिरतात, आणि गफलत तिथूनच सुरू होते. खान्देशात घरगुती सौर प्लांट उन्हाअभावी क्वचितच तोट्यात जातो. आकार चुकल्यामुळे, सावलीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे, कागदपत्रांवरील नावे न जुळल्यामुळे आणि ३१ मार्चचा हिशोब न समजल्यामुळे मात्र अनेक घरांचे पैसे अडकतात. म्हणून पुढील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात. विशेषतः पहिल्या चार पायऱ्या पूर्ण होईपर्यंत प्लांट बसवून देणाऱ्या कोणत्याही एजन्सीला आगाऊ रक्कम देऊ नये.

## पायरी १ : ढगांचा धसका हिशोबात बसवणे

सौर पॅनेलला वीज तयार करण्यासाठी उजेड लागतो, उष्णता लागत नाही. ढगांतून गाळून आलेल्या उजेडावरही पॅनेल चालते, फक्त कमी चालते. काळेकुट्ट आभाळ असलेल्या दिवशी निरभ्र दिवसाच्या १० ते २५ टक्के वीज मिळते, आणि विरळ ढग असतील तर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक मिळते. त्यामुळे एखाद्या पावसाळी दिवसाचा आकडा पाहून निर्णय घेण्यात अर्थ नाही. हिशोब वर्षाचाच करावा लागतो.

ढगाळ उत्तरेकडील देशांत हा हिशोब कसा लागतो, हे पाहिले की आपली स्थिती स्पष्ट होते. बर्लिन ५२.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो. जळगावला त्याच दिवशी तो सुमारे ४५ अंशांवर असतो. जर्मनीत १ किलोवॅटचा प्लांट वर्षाला साधारण ९०० ते १,००० युनिट देतो, खान्देशात तोच प्लांट १,४०० युनिटांच्या आसपास देतो. तरीही जर्मनीतील सौर क्षमता २०२४ च्या अखेरीस १०० गिगावॅटच्या घरात पोहोचली होती, कारण तिथे घरगुती विजेचा दर युनिटला ३० युरो सेंटच्या वर आहे आणि वाचलेले प्रत्येक युनिट महाग आहे. तिथली खरी अडचण वेगळी आहे. डिसेंबर-जानेवारीत निर्मिती जूनच्या तुलनेत अगदी थोडी उरते, आणि घर गरम ठेवण्यासाठी विजेची गरज नेमकी तेव्हाच वाढते.

आपल्याकडे हे गणित उलटे आहे. कूलर, पंखे आणि एसी यांचा वापर एप्रिल-मेमध्ये शिगेला पोहोचतो, आणि निर्मितीही तेव्हा भरपूर असते. जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती घटते, ती १ किलोवॅटमागे रोज अडीच युनिटांपर्यंत खाली येते. पण तोवर घरातील वापरही उतरू लागलेला असतो. सातपुड्यातील तोरणमाळ-धडगावकडचा जास्त पावसाचा आणि डोंगरांच्या आड येणारा भाग सोडला, तर खान्देशात ढग हे नाही म्हणण्याचे कारण ठरत नाही.

सावधान : परदेशांतील व्हिडिओ पाहून पॅनेल ३५ ते ४० अंशांत उभे करून घेण्याचा आग्रह काही जण धरतात. तो कल तिथल्या अक्षांशासाठी आणि बर्फ घसरून पडावा म्हणून असतो. खान्देश साधारण २१ अंशांवर आहे. इथे दक्षिणेकडे तोंड करून १५ ते २० अंशांचा कल पुरतो, आणि उन्हाळी वादळात तो सुरक्षितही असतो.

दुसरा गैरसमज उष्णतेचा आहे. भुसावळचा पारा ४५ अंशांवर गेला म्हणून वीज जास्त बनत नाही, उलट कमी बनते. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशामागे ती सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात दुपारी पॅनेलच्या काचेखाली ६५ ते ७० अंश तापमान होते, म्हणजे १४ ते १६ टक्के उत्पादन निव्वळ तापण्यात जाते. पॅनेल गच्चीला किंवा पत्र्याला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल इतके उंच बसवण्याचे कारण हेच आहे.

## पायरी २ : बारा महिन्यांची बिले काढणे

महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वीज वापर छापलेला असतो. त्यावरून सलग बारा महिन्यांचे युनिट कागदावर लिहावेत. रुपये लिहू नयेत, युनिट लिहावेत. कारण थकबाकी, व्याज आणि सरासरी बिलामुळे रुपयांचा आकडा फसवतो. घरात पुढील वर्षभरात एसी, विजेवरची दुचाकी किंवा पाण्याची मोटार येणार असेल, तर तिचे अंदाजे युनिट वेगळ्या रकान्यात लिहावेत, मूळ आकड्यांत मिसळू नयेत.

यानंतर टप्प्यांकडे पाहावे. घरगुती दर १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा असा चढत जातो. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेल्यावर वहन आकारासह (वीज घरापर्यंत वाहून आणण्याच्या शुल्कासह) युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. सौर वीज हे वरचे, महाग युनिट आधी कापते आणि स्वस्त युनिट शेवटी कापते. म्हणूनच दरमहा २५० युनिट वापरणाऱ्या घराला जो लाभ होतो, तसा ८० युनिट वापरणाऱ्या घराला होत नाही.

तपासणी : बारापैकी बहुतेक महिन्यांत वापर १०० युनिटांच्या आत असेल, तर घाई करू नये. अशा घराचे वर्षाचे बिल पाच-सहा हजार रुपयांच्या आसपास असते आणि १ किलोवॅटच्या प्लांटचे पैसे वसूल व्हायला केंद्राचे अनुदान (पायरी ५) धरूनही सहा-सात वर्षे लागू शकतात. कमी वापराच्या ग्राहकांसाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये केंद्राच्या अनुदानावर पूरक अनुदान जाहीर केले आहे. आपण त्यात बसतो का, हे महावितरणच्या उपविभाग कार्यालयात विचारून मगच पुढे जावे.

## पायरी ३ : आकार ठरवणे, आणि ३१ मार्चची मेख

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून या पायरीवर थोडे रेंगाळणे भाग आहे.

नेट मीटर म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर. त्यात महिन्याला जेवढी वीज महावितरणच्या जाळ्यात गेली, ती त्याच महिन्यात घेतलेल्या विजेतून वजा होते. जास्तीची वीज शिल्लक म्हणून पुढच्या महिन्यात ओढली जाते. ही शिल्लक मात्र आर्थिक वर्षापुरतीच टिकते. ३१ मार्चला जी उरते, ती वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने महावितरण विकत घेते. हा दर आपण वाचवतो त्या युनिटच्या दरापेक्षा बराच कमी असतो. १ एप्रिलला खाते शून्यापासून सुरू होते. खान्देशात ही तारीख फार अडचणीची आहे, कारण हिवाळ्यात साठलेली शिल्लक कूलर सुरू होण्याच्या तोंडावर पुसली जाते.

एका नमुना घराचे आकडे पाहू. हे घर जळगाव शहरातील आहे, असे समजा. घरात चार माणसे, दोन कूलर आणि एक फ्रिज आहे. वर्षाचा वापर २,८८० युनिट आहे, आणि २ किलोवॅटचा प्लांट वर्षाला २,७८० युनिट देईल असे धरले आहे.

एप्रिल : वापर ३४०, निर्मिती २८०
मे : वापर ४००, निर्मिती २८०
जून : वापर ३५०, निर्मिती २२०
जुलै : वापर २६०, निर्मिती १६०
ऑगस्ट : वापर २४०, निर्मिती १५५
सप्टेंबर : वापर २४०, निर्मिती २००
ऑक्टोबर : वापर २३०, निर्मिती २४५
नोव्हेंबर : वापर १५०, निर्मिती २३५
डिसेंबर : वापर १५०, निर्मिती २३०
जानेवारी : वापर १५०, निर्मिती २४०
फेब्रुवारी : वापर १५०, निर्मिती २४५
मार्च : वापर २२०, निर्मिती २९०

वर्षाच्या बेरजेत फक्त १०० युनिटांची तूट दिसते. महिन्यांप्रमाणे पाहिले तर एप्रिल ते सप्टेंबर या काळात ५३५ युनिट विकत घ्यावे लागतात आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात ४३५ युनिट शिल्लक राहतात, जे ३१ मार्चला कमी दराने जातात. हे पाहून अनेक जण घाबरतात आणि उन्हाळ्याची तूट भरून काढण्यासाठी ३ किलोवॅटचा प्लांट घेतात. त्याआधी पुढचा हिशोब करावा.

हिशोबाच्या सोयीसाठी वहन आकारासह गोल दर धरू : पहिल्या १०० युनिटांना ६ रुपये, ३०० पर्यंत ११ रुपये आणि त्यापुढे १५ रुपये. सौर प्लांट नसताना या घराचे वर्षाचे ऊर्जा बिल २६,४४० रुपये होते. २ किलोवॅट बसवल्यावर उन्हाळा-पावसाळ्यातील तूट मे-जूनचे थोडे युनिट वगळता स्वस्त पहिल्या टप्प्यातच बसते, आणि वर्षाचे बिल ३,४६० रुपयांवर येते. म्हणजे सुमारे २३,००० रुपये वाचतात. प्लांटची किंमत १,३०,००० आणि अनुदान ६०,००० धरले, तर खिशातून ७०,००० रुपये जातात आणि ते साधारण तीन वर्षांत वसूल होतात.

आता तिसरा किलोवॅट घ्या. प्लांटची किंमत १,९०,००० आणि अनुदान ७८,००० धरले, तर खिशातून १,१२,००० रुपये जातात, म्हणजे ४२,००० जास्त. या ४२,००० रुपयांनी वाचवायला उरले आहेत केवळ ३,४६० रुपये आणि वर्षअखेर कमी दराने विकले जाणारे आणखी काहीशे युनिट. एकट्या तिसऱ्या किलोवॅटचे पैसे वसूल व्हायला पहिल्या दोहोंच्या दुपटीहून अधिक काळ लागतो. एजन्सी ३ किलोवॅटचा आग्रह धरते, कारण अनुदानाची कमाल रक्कम तिथे मिळते. पण अनुदान जास्त मिळते म्हणून आपला फायदाही जास्त होतो, असे समजू नये. नजीकच्या काळात एसी किंवा विजेवरचे वाहन खरोखरच येणार असेल, तर ३ किलोवॅटचा विचार योग्य आहे. नुसत्या ‘पुढे लागेल’ या शक्यतेवर तो करू नये.

ढोबळ नियम असा : बारा महिन्यांच्या वापराची बेरीज १,४०० ने भागावी आणि येणारा आकडा खालच्या बाजूला वळवावा. २,८८० भागिले १,४०० म्हणजे २.०६, म्हणून २ किलोवॅट.

सावधान : साधा सौर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा; त्याला बॅटरी नसते) वीज गेली की बंद पडतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या घरातून उलट वीज जाऊ नये, म्हणून तो तसाच बनवलेला असतो. भारनियमनात पंखे चालावेत ही मुख्य अपेक्षा असेल, तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि त्याचा खर्च वरील हिशोबात धरलेला नाही. ज्या फीडरवर (गावाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर) दिवसा तासन्‌तास वीज नसते, तिथे साध्या प्लांटची तेवढ्या तासांची निर्मितीही वाया जाते. अशा गावात वर्षाचे १,४०० युनिट धरू नयेत.

## पायरी ४ : छत आणि सावली तपासणे

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. सध्या प्रचलित असलेल्या ५४० वॅटच्या पॅनेलची लांबी सव्वादोन मीटरच्या वर, रुंदी सव्वा मीटरच्या आत आणि वजन २८ किलोच्या आसपास असते. २ किलोवॅटला अशी चार पॅनेल पुरतात.

सिमेंटची गच्ची असेल तर काम सोपे आहे. पत्र्याच्या घरावर पॅनेल फक्त पत्र्याला पकडून चालत नाही. खालच्या लोखंडी पर्लिनला (पत्रा पेलणाऱ्या आडव्या दांड्याला) स्क्रू गेला पाहिजे आणि प्रत्येक छिद्राला पाणीरोधक वॉशर हवा. धाब्याच्या घराचा प्रश्न वेगळा आहे. लाकडी सऱ्यांवरच्या मातीच्या धाब्यावर पॅनेलच्या पायांचे केंद्रित वजन आणि वादळातील ओढ टाकू नये. अशा घराच्या अंगणात किंवा खळ्यात जमिनीतून खांब उभे करून त्यावर पॅनेल घ्यावेत, अन्यथा बाजूच्या पक्क्या खोलीचे छत वापरावे.

गच्चीचा आपला वापरही आधीच ठरवून घ्यावा. उन्हाळ्यात बिबडे, पापड आणि कुरडया घालण्यासाठी व रात्री झोपण्यासाठी गच्ची लागणारच असेल, तर माणूस खालून सहज जाईल असे सात-आठ फुटी उंच स्ट्रक्चर (पॅनेल धरणारा लोखंडी सांगाडा) मागावे. त्याचा खर्च वाढतो आणि त्याला वाऱ्याचा मारही अधिक बसतो, म्हणून ते कोटेशनच्या वेळीच सांगावे; काम सुरू झाल्यावर पाय वाढवून देणे म्हणजे अर्धवट वेल्डिंगला आमंत्रण असते.

सावलीची तपासणी हा या पायरीचा गाभा आहे. पॅनेल एकमेकांना माळेसारखी जोडलेली असतात, त्यामुळे एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली टाकीची किंवा डिशची सावली त्या एका कोपऱ्यापुरती राहत नाही, सगळ्या माळेचे उत्पादन खाली ओढते. पूर्ण ढगाळ दिवसाने होणारे नुकसान वर्षातून काही आठवडे असते. सावलीचे नुकसान रोजचे असते आणि नेमके उजळ दिवसांत होते.

बहुतेक जण उन्हाळ्यात काम ठरवतात आणि तेव्हाच गच्ची पाहतात. मे महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते आणि कठडा, टाकी, शेजारचा मजला यांपैकी काहीच अडसर वाटत नाही. खरी परीक्षा मार्गशीर्ष-पौषात होते. डिसेंबरच्या उत्तरार्धात दुपारी वस्तूच्या उंचीएवढी सावली पडते आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास ती जवळपास दुप्पट लांब असते. तीन फुटांचा कठडा त्या वेळी सहा फुटांपर्यंतची जागा व्यापतो. हिवाळा यायला वेळ असेल तर उंचीवरून हिशोब करावा : दक्षिण, आग्नेय आणि नैर्ऋत्य या दिशांना असलेली प्रत्येक वस्तू पॅनेलच्या खालच्या कडेपेक्षा जितकी उंच आहे, तिच्या दुप्पट अंतर मोकळे सोडावे.

तपासणी : गच्चीवर खडूने पॅनेलची जागा आखावी आणि एका निरभ्र दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता तिथले फोटो काढावेत. पाण्याची टाकी दक्षिणेला असेल तर ती आधी उत्तरेला हलवावी. प्लंबरचा खर्च परवडतो, पंचवीस वर्षांची सावली परवडत नाही. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर दक्षिणेकडून मजले उठण्याची शक्यता असेल, तर पॅनेल गच्चीच्या उत्तर भागात आणि थोडे उंच घ्यावेत.

दक्षिणेची बाजू मिळतच नसेल, तर पूर्व किंवा पश्चिमेकडे कमी कलात बसवलेले पॅनेलही चालते. त्यात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास घट येते. उत्तरेकडे उतरणारे छत मात्र टाळावे.

## पायरी ५ : नावे जुळवणे आणि अर्ज करणे

प्रधानमंत्री सूर्य घर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये असे अनुदान आहे. त्यापुढे कितीही मोठा प्लांट घेतला तरी रक्कम ७८,००० च्या वर जात नाही. ही रक्कम काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यानंतर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते.

अर्ज करण्यापूर्वी वीजबिलावरील नाव, आधारवरील नाव आणि बँक खात्यावरील नाव शेजारी ठेवून पाहावे. खान्देशातील जुन्या घरांत मीटर आजोबांच्या किंवा दिवंगत वडिलांच्या नावावर असणे नेहमीचे आहे. अशा वेळी आधी वारसांच्या संमतीने मीटरचा नावबदल करून घ्यावा. अर्ज केल्यावर नाव बदलायला गेल्यास अनुदान अडकते. बिलाची थकबाकीही आधीच भरावी.

त्यानंतर या योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर राज्य, वीज कंपनी आणि ग्राहक क्रमांक टाकून स्वतः नोंदणी करावी. मोबाइल क्रमांक घरातल्या माणसाचाच द्यावा. एजन्सीच्या मुलाचा क्रमांक दिला, तर पुढचे सर्व संदेश त्याच्याकडे जातात आणि अर्ज कुठे थांबला आहे, हे घरात कोणालाच कळत नाही. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला स्वतंत्र तांत्रिक व्यवहार्यता मंजुरीसाठी थांबावे लागत नाही.

## पायरी ६ : कोटेशन वाचणे

पोर्टलवर नोंदणी असलेल्या किमान तीन एजन्सींकडून लेखी कोटेशन घ्यावे. ‘अनुदान वजा करून अमुक रुपये’ असा एकच आकडा स्वीकारू नये. पूर्ण किंमत जीएसटीसह आणि अनुदानाची रक्कम वेगळी लिहून मागावी. ‘सोलर फुकट’ असे सांगणारा माणूस एक तर कर्जाचा हप्ता लपवतो आहे किंवा हलका माल देतो आहे.

अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. अशा पॅनेलना बाजारात डीसीआर म्हणतात. इतर पॅनेल स्वस्त पडतात, पण त्यांवर अनुदान मिळत नाही. कोटेशनवर पॅनेलची कंपनी व वॅट, इन्व्हर्टरची कंपनी व वॉरंटीची वर्षे, स्ट्रक्चरच्या गॅल्वनाइझिंगची जाडी, केबलची लांबी आणि नेट मीटरचा खर्च कोणाकडे, हे स्पष्ट लिहिलेले असावे. योजनेत पाच वर्षांची देखभाल एजन्सीवर आहे. तीही लिहून घ्यावी. पैसे टप्प्यांत द्यावेत आणि शेवटचा हप्ता नेट मीटर बसेपर्यंत हातात ठेवावा.

## पायरी ७ : उभारणीच्या दिवशी हजर राहणे

पॅनेल वर चढवण्यापूर्वी प्रत्येकाच्या मागील सीरियल क्रमांकाचा फोटो काढावा. एकदा पॅनेल बसले की तो क्रमांक वाचणे अवघड होते, आणि अनुदानाच्या कागदांत तोच लागतो.

स्ट्रक्चरची जास्त काळजी घ्यावी. रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात. तोच वारा आपल्या गच्चीवरून जातो. पाय स्लॅबला केमिकल अँकरने किंवा पुरेशा वजनाच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांनी धरलेले असावेत, आणि स्लॅबला पाडलेल्या प्रत्येक छिद्राभोवती वॉटरप्रूफिंग त्याच दिवशी व्हावे. नुसते रंगवलेले लोखंड दोन पावसाळ्यांत गंजू लागते, म्हणून गरम जस्तलेपित पाइपच घ्यावेत.

अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे असतात : एक पॅनेलच्या बाजूसाठी, एक घराच्या बाजूसाठी आणि एक वीजरोधकासाठी (आभाळातून पडणाऱ्या विजेपासून वाचवणाऱ्या दांड्यासाठी). खर्च वाचवण्यासाठी तिन्ही तारा एकाच खड्ड्यात सोडणे ही नेहमीची पळवाट आहे. खड्डे मोजूनच सही करावी.

इन्व्हर्टर पश्चिमेच्या उन्हात भिंतीवर लावू नये. जिन्याखाली किंवा सावलीच्या ओट्यावर हवेशीर जागा द्यावी. तापलेला इन्व्हर्टर स्वतःच क्षमता कमी करतो.

तपासणी : दुपारी आणि शेतीपंप सुरू असण्याच्या वेळी घरातील व्होल्टेज मोजावे. ते इन्व्हर्टरच्या मर्यादेबाहेर गेले, तर इन्व्हर्टर भर उन्हात बंद-चालू होत राहतो आणि दोष पॅनेलवर येतो. अशा वेळी तक्रार एजन्सीकडे न नेता महावितरणकडे लेखी द्यावी.

## पायरी ८ : नेट मीटर आणि पहिले बिल

नेट मीटर लागेपर्यंत प्लांट सुरू ठेवू नये. जुन्या मीटरमध्ये बाहेर गेलेली वीज जमा धरली जात नाही आणि काही मीटर ती वापर म्हणून मोजतात. मीटर बसण्याच्या दिवशी आयात आणि निर्यात या दोन्ही आकड्यांचा फोटो तारखेसह ठेवावा.

काम कधी पूर्ण करावे, याचे उत्तर पायरी ३ मध्येच आहे. ऑक्टोबरमध्ये नेट मीटर लागले, तर पहिल्या हिवाळ्याची बरीचशी शिल्लक ३१ मार्चला कमी दराने जाते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सावली पाहून, जानेवारीत अर्ज करून मार्चअखेर मीटर बसेल असा बेत सर्वांत सोयीचा असतो. एप्रिलपासून प्रत्येक युनिट महाग वापरातून वजा होते.

पहिल्या बिलात अनेकांचा गोंधळ होतो. इन्व्हर्टरच्या अॅपवर २८० युनिट दिसतात आणि बिलावर निर्यात १७० च दिसते, म्हणून चोरीचा संशय येतो. दिवसा घरात चाललेल्या फ्रिज-कूलरने वापरलेली वीज मीटरपर्यंत पोहोचतच नाही, ती आधीच वाचलेली असते. त्यामुळे निर्यात नेहमी निर्मितीपेक्षा कमीच दिसणार. बिलावर निर्यातीचा रकाना कोरा असेल, किंवा सरासरी बिल आले असेल, तर मात्र त्याच महिन्यात फोटोसह तक्रार करावी. बिल शून्य होईल ही अपेक्षाही ठेवू नये. स्थिर आकार दरमहा येतोच.

## पायरी ९ : वर्षभराची निगा

मार्च ते जून या काळात दर पंधरवड्याला पॅनेल धुवावेत. कापसाच्या जिनिंगजवळ, वीटभट्टीजवळ किंवा कच्च्या रस्त्यालगत घर असेल तर दर आठवड्याला. धुण्याची वेळ पहाटेची किंवा सूर्यास्तानंतरची असावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतल्यास काच तडकू शकते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर साचत जातात आणि पुढे घासूनही निघत नाहीत, म्हणून शेवटचे पाणी नळाचे किंवा साठवलेल्या पावसाचे वापरावे व मऊ वायपरने ओढून घ्यावे. पॅनेलवर पाय देऊ नये; वरून काही दिसले नाही तरी आतील सेल तडकतात.

पावसाळ्यात पाऊसच धुण्याचे काम करतो, पण खालच्या चौकटीजवळ चिखलाची पट्टी साचते. ती पोळ्याच्या सुमारास एकदा पुसली नाही, तर ढग हटल्यावरही निर्मिती वाढत नाही, आणि घरात ‘पावसाळ्यात सोलर बंदच पडले’ असे म्हटले जाते.

दर महिन्याच्या एकाच तारखेला इन्व्हर्टरवरील एकूण निर्मिती, मीटरची आयात आणि निर्यात वहीत लिहावी. मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करावी, आधीच्या महिन्याशी करू नये. जुलैचा आकडा मेपेक्षा ४० टक्क्यांनी खाली आला तर ते ढगांचे काम आहे. या जुलैचा आकडा मागच्या जुलैपेक्षा १५-२० टक्क्यांनी खाली आला, तर आधी धूळ, मग नवी सावली आणि शेवटी वायरिंग, या क्रमाने शोध घ्यावा. पॅनेलची नैसर्गिक झीज वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, त्यामुळे एवढी मोठी घट तिच्या माथी मारता येत नाही. एजन्सीने तसे सांगितले, तर पाच वर्षांच्या देखभालीचा करार आणि ही वही समोर ठेवून लेखी उत्तर मागावे.